शास्त्र दोघांचेही, मग शेवटचा निर्णय कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातच लग्न ठरले आहे. मुलगी कॅम्पातल्या कॅथलिक धर्मग्रामातली, मुलगा सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या) मराठी मंडळीतला. लग्नविधीसाठी मुलीकडच्यांनी तोबीतच्या ग्रंथातले वाचन निवडले; मुलाच्या वडिलांनी घरचे बायबल उघडले तर त्यात तोबीत नावाचा ग्रंथच नाही. तिथून विषय वाढला. ‘शास्त्रात नाही ते आम्ही मानत नाही’, असे एका घरचे म्हणणे. ‘शास्त्र कोणते, हे ठरवले कोणी? चर्चनेच ना?’ असे दुसऱ्या घरचे. दोन्ही परंपरा नेमके काय मानतात आणि रोजच्या व्यवहारात हे कसे सांभाळायचे, असे विचारले आहे.

आधी दोन्ही बाजूंना मान्य असलेले सांगतो, कारण भांडणात तेच सगळ्यात आधी विसरले जाते. बायबल देवाच्या प्रेरणेने लिहिले गेले, ते विश्वासाला बांधून ठेवते आणि चर्चची कोणतीही शिकवण त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही मानतात. ‘कॅथलिकांना बायबलपेक्षा पोप मोठा’ हे कॅथलिक शिकवणीत कुठेही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजाच्या दहाव्या परिच्छेदात उलटेच म्हटले आहे: चर्चचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, तो देववचनाचा सेवक आहे.

मग वाद कशाचा? तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. शास्त्रात कोणते ग्रंथ येतात? देवाने प्रकट केलेले सगळे त्या ग्रंथांतून पुरेसे मिळते का? आणि दोन प्रामाणिक वाचकांनी एकाच वचनाचे दोन अर्थ काढले, तर कोणाचा अर्थ विवेकाला बांधील? तोबीतचा वाद पहिल्या प्रश्नातला आहे, पण दोन्ही घरांतली वाक्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांतली आहेत. म्हणून बोलणे पुढे सरकत नाही.

कॅथलिक बायबलात ७३ ग्रंथ आहेत, प्रोटेस्टंट बायबलात ६६. नवा करार दोघांचा एकच, २७ ग्रंथांचा. फरक जुन्या करारात आहे: ४६ आणि ३९. तोबीत, युदीथ, मक्काबींचे दोन ग्रंथ, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख हे सात ग्रंथ, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही जास्तीचे भाग, हे कॅथलिक बायबलात आहेत. प्रोटेस्टंट त्यांना अपॉक्रिफा म्हणतात. कॅथलिक हा शब्द त्यांच्यासाठी वापरत नाहीत.

हे ग्रंथ आले कुठून? ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांमध्ये जुन्या कराराचे जे ग्रीक भाषांतर चालत होते, त्याच्या परंपरेतून. सुरुवातीची ख्रिस्ती मंडळी बहुतांशी ग्रीक वाचणारी, त्यामुळे हे ग्रंथ तिच्या वापरात आले. हिब्रू ग्रंथसंग्रहात ते नव्हते. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम या विद्वानाने लॅटिन भाषांतर करताना हिब्रू संग्रहाला प्रमाण मानले आणि बाकीचे ग्रंथ वाचायला चांगले, पण त्यांवरून सिद्धांत ठरवू नये, असे मत दिले. त्याचाच समकालीन बिशप ऑगस्टीन याच्या उलट बाजूला होता. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथल्या प्रादेशिक परिषदांनी ऑगस्टीनची सूची उचलली. पुढची हजार वर्षे हे ग्रंथ पाश्चात्त्य बायबलात राहिले, उपासनेत वाचले गेले. पण विद्वानांत जेरोमची शंकाही जिवंत राहिली. १५१८ मध्ये आउग्सबुर्गला, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरची चौकशी ज्यांनी केली ते कार्डिनल कायेतान स्वतः या बाबतीत जेरोमच्या बाजूचे होते. ती शंका कॅथलिकांपुरती कायमची मिटली ती ट्रेंट येथल्या कॅथलिक परिषदेच्या ८ एप्रिल १५४६ च्या निर्णयाने.

त्यामुळे दोन लोकप्रिय आरोप सोडून द्यावेत. ‘कॅथलिकांनी ट्रेंटमध्ये सात पुस्तके घुसडली’ हे चूक. ती आधीपासून होती आणि फ्लोरेन्स परिषदेच्या १४४२ च्या सूचीतही होती. ‘ल्यूथरने सात पुस्तके फाडून टाकली’ हेही चूक. त्याच्या १५३४ च्या संपूर्ण जर्मन बायबलात ती आहेत. त्याने ती दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवली आणि वर लिहिले की ती पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगली आहेत. इंग्लंडमधल्या १६११ च्या राजमान्य भाषांतरातही ती होती. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांतले सहावे कलम सांगते की हे ग्रंथ जीवनाच्या उदाहरणासाठी आणि आचरणाच्या शिकवणीसाठी वाचावेत, सिद्धांत उभा करण्यासाठी नव्हे. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे वेस्टमिन्स्टरचे विश्वासपत्र (१६४६-४७) जास्त कडक आहे: हे ग्रंथ देवप्रेरित नाहीत, इतर मानवी लिखाणापेक्षा त्यांना वेगळा मान नाही.

मग मराठी प्रोटेस्टंट घरातल्या बायबलातून ते पूर्णच का गेले? याचे कारण बरेच व्यावहारिक आहे. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीत १८२५-२६ मध्ये या ग्रंथांवरून मोठा वाद झाला आणि संस्थेने ते छापायला पैसे देणे बंद केले. बायबल सोसायटीमार्फत महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या आवृत्त्या त्यानंतरच्या. पिढ्यान्‌पिढ्या ६६ ग्रंथांचेच पुस्तक हाती आले, म्हणून बाकीचे ग्रंथ मुळात नव्हतेच असे वाटू लागले.

याच सोसायटीचा १८०४ पासूनचा आणखी एक नियम या विषयात फार बोलका आहे: टीप किंवा भाष्य न जोडता बायबल छापायचे. याउलट कॅथलिक कायद्याचे कलम ८२५ सांगते की शास्त्राच्या भाषांतराला पोपपीठाची किंवा बिशप परिषदेची मान्यता हवी आणि सोबत आवश्यक त्या टिपा हव्यात. दोन्ही घरांतली बायबले शेजारी ठेवून नुसती पाने उलटली तरी सगळा वाद डोळ्यांना दिसतो. एका पानावर फक्त वचन आहे. वाचक आणि पवित्र आत्मा यांच्यामध्ये कोणी नको, हा आग्रह. दुसऱ्या पानावर तळाशी टिपा आणि सुरुवातीला परवानगीची ओळ आहे. वाचक एकटा नाही, हा आग्रह.

आता दुसरा प्रश्न, पुरेसेपणाचा. वादाची सुरुवात ल्यूथरने क्षमापत्रांवरून (पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांवरून) केली खरी, पण अधिकाराचा प्रश्न उघडा पडला १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत. योहान एक (Eck) या कॅथलिक विद्वानाने त्याला कोंडीत धरले: कॉन्स्टन्सच्या परिषदेने यान हूस या बोहेमियातल्या सुधारकाला दोषी ठरवले, ती परिषद चुकली म्हणतोस का? ल्यूथरला म्हणावे लागले की होय, परिषदाही चुकू शकतात. याच सभेत योहान एक यांनी मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या समर्थनार्थ २ मक्काबी १२ पुढे केले, तेव्हा तो ग्रंथ हिब्रू सूचीत नसल्याने त्यावर सिद्धांत टिकत नाही असे ल्यूथरने उत्तर दिले. दोन वर्षांनी, १८ एप्रिल १५२१ रोजी वर्म्सच्या शाही सभेपुढे त्याने सांगितले की शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून दिल्याशिवाय माघार घेणार नाही. पोप आणि परिषदा अनेकदा चुकल्या आहेत.

‘केवळ शास्त्र’ हे सूत्र इथले. त्याचा अर्थ नीट धरायला हवा, कारण आज बरेच प्रोटेस्टंटच तो चुकीचा सांगतात. शास्त्राशिवाय दुसरे काहीच वाचू नये, पंथपिते (सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्ती शिक्षक), मतांगीकार (विश्वासाची ठरलेली विधाने), परिषदा सगळे टाकून द्यावे, असे ल्यूथर आणि जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन यांनी म्हटलेले नाही. दोघेही ऑगस्टीनला पानोपानी उद्धृत करतात. सूत्र एवढेच सांगते: चुकू न शकणारे प्रमाण एकच आहे. बाकीच्यांना अधिकार आहे, पण तो तपासला जाणारा अधिकार आहे. अँग्लिकन कलमे हे दोन वाक्यांत मांडतात. विसावे कलम म्हणते, विश्वासाच्या वादांत चर्चला अधिकार आहे. एकविसावे म्हणते, सर्वसाधारण परिषदाही चुकू शकतात आणि चुकल्या आहेत. सीएनआयच्या घटनेतही जुना आणि नवा करार हे विश्वासाचे सर्वोच्च मानदंड आहेत आणि सोबत प्रेषितांचा व नायसियाचा असे दोन्ही मतांगीकार स्वीकारले आहेत. म्हणजे ज्या मंडळीत मुलगी लग्न करून जाणार, तिथेही ‘केवळ शास्त्र’ म्हणजे ‘केवळ मी आणि माझे बायबल’ नव्हे.

कॅथलिक बाजूला ‘परंपरा’ या शब्दाचा असाच घोटाळा होतो. बुधवारची नोव्हेना प्रार्थना, शुक्रवारी मांस वर्ज्य करणे, पुरोहितांचे ब्रह्मचर्य या प्रथा आणि शिस्त आहेत, बदलू शकतात. पूर्वेकडच्या काही कॅथलिक मंडळ्यांत विवाहित पुरोहित आहेतच. शास्त्राच्या बरोबरीने मानली जाते ती प्रेषितांकडून आलेली परंपरा, जी प्रवचनातून, उपासनेतून, संस्कारांतून पुढे दिली गेली. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद ८३ हा भेद स्पष्ट करतो. मुलाच्या वडिलांना तो एक परिच्छेद वाचून दाखवला तर निम्मे आक्षेप गळून पडतील.

ट्रेंटने म्हटले की सत्य हे ‘लिखित ग्रंथांत आणि अलिखित परंपरांत’ आहे आणि दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारावीत. मसुद्यात आधी ‘काही अंशी ग्रंथांत, काही अंशी परंपरांत’ अशी रचना होती. अंतिम मजकुरात ती जाऊन साधे ‘आणि’ राहिले. हा बदल किरकोळ नाही. त्यामुळे सगळे आवश्यक सत्य शास्त्रात बीजरूपाने आहे आणि परंपरा ते उलगडते, असे मानणाऱ्या कॅथलिक विचारवंतांनाही जागा उरली. १९६५ च्या दस्तऐवजाने हा वाद मुद्दाम उघडा ठेवला. शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून येतात असे म्हटले, आणि पुढे जोडले की चर्चला आपल्या शिकवणीची खात्री केवळ शास्त्रातून मिळत नाही. पहिल्या भागाशी बरेच प्रोटेस्टंट जुळवून घेऊ शकतात. अडते ते दुसऱ्या भागापाशी.

पुण्यात हा विषय निघाला की श्रुती-स्मृतीची उपमा हमखास येते: प्रोटेस्टंट श्रुती मानतात, कॅथलिक दोन्ही. ती इथे चालत नाही. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवत्तर, हा नियम शास्त्र आणि परंपरा यांत विरोध संभवतो असे धरून चालतो. कॅथलिक शिकवणीत तो विरोध संभवतच नाही. दिसला तर आपण दोन्हींपैकी एक चुकीचे वाचतो आहोत, असे मानले जाते. प्रोटेस्टंट नेमके इथेच बोट ठेवतात: विरोध आधीच अशक्य ठरवला, तर शास्त्राने चर्चला सुधारायचे कसे?

हे आपल्याला तिसऱ्या, खऱ्या प्रश्नाकडे नेते. ऑगस्टीनचे एक वाक्य दोन्ही बाजू वापरतात: कॅथलिक चर्चच्या अधिकाराने मला प्रवृत्त केले नसते, तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. कॅथलिक म्हणतात, बघा, शास्त्र चर्चच्या हातून मिळते. कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या सातव्या अध्यायात याच वाक्याला उत्तर दिले आहे: ऑगस्टीन इथे विश्वासाच्या दारापाशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलतो, विश्वासाच्या पायाबद्दल नाही; शास्त्राची खात्री शेवटी पवित्र आत्म्याच्या अंतर्गत साक्षीने पटते, चर्चने त्याला मान्यता दिली, निर्माण केले नाही.

माझे मत विचाराल तर कॅथलिकांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे, ग्रंथसूचीचा. कोणते २७ ग्रंथ नव्या करारात यावेत, हे त्या २७ ग्रंथांत कुठेही लिहिलेले नाही. नेमके हेच २७ सांगणारी सूची अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात मिळते. ‘केवळ शास्त्र’ म्हणणाऱ्याला निदान ही एक गोष्ट शास्त्राबाहेरून घ्यावी लागते. प्रोटेस्टंटांचा सर्वांत बळकट मुद्दा मार्क ७ चा आहे. तिथे येशू धर्मपंडितांना सांगतो की तुम्ही परंपरेने देवाची आज्ञा रद्द करता. धार्मिक अधिकार असलेली माणसे प्रामाणिकपणे परंपरा जपत असतानाही चुकू शकतात, हे शास्त्रच सांगते. मग शास्त्राखेरीज त्यांना रोखणारे काय? ‘ती माणसांची परंपरा, आमची प्रेषितांची’ हे कॅथलिक उत्तर बरोबर असू शकते, पण कुठली कोणती हे ठरवणारा पुन्हा चर्चचाच अधिकार, त्यामुळे फेरा पूर्ण होतो. दोन्ही बाजूंना असा एकेक फेरा आहे. समोरच्याचा तेवढा दाखवून वाद जिंकल्याचा आनंद घेऊ नये.

वचनांची फेकाफेक करताना नेहमी दोन वचने निघतात. २ तीमथ्य ३:१६, ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित’ आणि उपयोगी आहे. प्रोटेस्टंट हे एकट्याने पुरेसे मानतात. पण वचन ‘उपयोगी’ म्हणते, आणि आदल्या वचनात तीमथ्याला बाळपणापासून माहीत असलेले लेख म्हणजे जुना करार. सतराव्या वचनातल्या ‘प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज’ या शब्दांत मात्र खरे वजन आहे. दुसरीकडे कॅथलिक २ थेस्सलनीकाकर २:१५ काढतात: तोंडी किंवा पत्राने दिलेली शिकवण धरून ठेवा. इथे प्रोटेस्टंट विचारतात, ती तोंडी शिकवण नक्की कोणती, तिचा मजकूर दाखवा. कॅथलिकांनी गुप्त मजकुराची यादी शोधायला जाऊ नये, तशी यादी नाही. उत्तर असे द्यावे की ती शिकवण चर्चच्या जगण्यात आहे: रविवारची उपासना, बालकांचा बाप्तिस्मा, खुद्द ग्रंथसूची.

बाप्तिस्म्याचे उदाहरण दोघांनीही नीट बघावे. बालकांना बाप्तिस्मा द्यावा असे थेट वाक्य नव्या करारात नाही, देऊ नये असेही नाही. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन देतात. बॅप्टिस्ट देत नाहीत. सगळेच ‘केवळ शास्त्र’ म्हणणारे. १९७० मध्ये नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा या वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि दोन्ही प्रथांना एकाच चर्चमध्ये जागा दिली गेली. शास्त्राने न सुटलेल्या प्रश्नावर प्रोटेस्टंट काय करतात, याचे हे चांगले उदाहरण आहे: एकमेकांच्या विवेकाला जागा ठेवतात. कॅथलिक चर्च अशा वेळी निर्णय देते. दोन स्वभाव आहेत, आणि दोहोंची किंमत मोजावी लागते. पहिल्यात फुटी पडत जातात. दुसऱ्यात चुकीचा निर्णय झाला तर मागे फिरणे फार अवघड होते.

खरी कसोटी लागते मरियेविषयीच्या दोन सिद्धांतांवर. १८५४ मध्ये पोप पायस नववे यांनी मरियेचे निष्कलंक गर्भसंभवन (गर्भात आल्यापासून ती आदिपापाच्या डागापासून मुक्त होती) आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी पायस बारावे यांनी तिचे सदेह स्वर्गारोहण हा विश्वासाचा भाग म्हणून घोषित केले. दुसऱ्या गोष्टीचे वर्णन शास्त्रात कुठेही नाही. कॅथलिकांच्या मते ते शास्त्रात गर्भित आहे आणि परंपरेने जपले. प्रोटेस्टंटांचा आक्षेप मरियेच्या सन्मानाला नसतो, किंवा नसावा. आक्षेप असा की शास्त्राने ज्यावर मौन पाळले ते मानणे सक्तीचे कसे? यावर तडजोडीचा मधला रस्ता मला दिसत नाही, आणि दोन्ही घरांनी तो शोधण्यात वेळ घालवू नये.

पोपच्या अचूकतेबद्दल एक दुरुस्ती. १८ जुलै १८७० ला पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले ते असे: पोप सर्व चर्चचा गुरू या नात्याने, विश्वास किंवा नीती यांविषयी, संपूर्ण चर्चला बांधील अशी अंतिम व्याख्या करतो तेव्हाच ती अचूक. मुलाखत, प्रवचन, नेहमीचे पत्रक यांना हे लागू नाही. १८७० नंतर या पद्धतीने झालेली व्याख्या १९५० ची एकच.

हा वाद युरोपातून आयात झालेला, आपला नाही, असे वाटत असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा अँग्लिकन बाप्तिस्मा झाला. पुढच्या दोनेक वर्षांत वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी ठामपणे कळवले की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे प्रत्येक म्हणणे देवाची आज्ञा म्हणून मानणार नाही. शास्त्रात दिसेल ते मानीन. त्याच काळात नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, चर्चच्या परंपरेच्या बाजूने त्यांना समजावत होते. दोघेही मराठी, दोघेही शास्त्रसंपन्न, आणि दोघेही अँग्लिकनच. म्हणजे ही रेषा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यामधूनच जाते असे नाही. ती प्रोटेस्टंट घराच्या आतूनही जाते. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः बायबल मराठीत आणले. अधिकाराविषयीच्या त्यांच्या भूमिकेतून निघणारे हेच सरळ काम होते.

‘कॅथलिक बायबल वाचत नाहीत’ या समजुतीला मात्र इतिहासात आधार आहे. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनी लोकभाषेतले बायबल वाचायला परवानगी सक्तीची केली होती. १९४३ मध्ये पायस बारावे यांनी मूळ भाषांतून अभ्यासाला उत्तेजन दिले आणि १९६५ नंतर चित्र पालटले. रविवारच्या मिस्सेला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला) तीन वर्षांच्या चक्रात शास्त्राचा बराच मोठा भाग वाचला जातो, आणि जगभरच्या अनेक प्रोटेस्टंट चर्चांनी तेच चक्र थोडे बदलून घेतले आहे. जुनी तक्रार आजच्या आजीवर किंवा सुनेवर लादू नये.

आता कामाचे. लग्नविधी कॅथलिक चर्चमध्ये असेल तर वाचने मान्य संग्रहातूनच घ्यावी लागतात, आणि त्यांतले निदान एक थेट विवाहाबद्दल बोलणारे हवे. तोबीत ८:४-८ हा त्यांतला एक पर्याय आहे, सक्तीचा नाही. दोन्ही घरांच्या बायबलात असलेली वाचने निवडा: उत्पत्ती १:२६-२८ किंवा २:१८-२४, कलस्सैकर ३:१२-१७, योहान २:१-११. ठरवण्याआधी फादर आणि पाळक या दोघांनाही दाखवा. मुलीला तोबीत मनापासून हवेच असेल तर ती प्रार्थना घरच्या समारंभात म्हणता येईल. तोबीया आणि सारा यांची ती विवाहरात्रीची प्रार्थना आहे, आणि ल्यूथरच्याच शब्दांत ‘वाचायला चांगली’ म्हणून मुलाकडचेही ती ऐकू शकतात.

स्तोत्राचा क्रमांक तपासा. इथे हमखास चूक होते. हिब्रू क्रमाने चालणाऱ्या बायबलात आणि जुन्या कॅथलिक पुस्तकांत ११ पासून ११३ पर्यंत आणि ११७ पासून १४६ पर्यंत एकाचा फरक पडतो. मधल्या आणि शेवटच्या काही स्तोत्रांची जोडतोड वेगळी आहे, १४८ ते १५० मात्र दोन्हीकडे तीच आहेत. लग्नात नेहमी घेतले जाणारे स्तोत्र १२८ जुन्या कॅथलिक पुस्तकात १२७ म्हणून असते. मुलाकडच्या वाचकाने १२७ उघडले तर त्यालाही घर बांधण्याचे स्तोत्र मिळते, प्रसंगाला शोभते, म्हणून चूक कोणाच्या लक्षातही येत नाही आणि प्रतिसादाची ओळ जुळत नाही. प्रेतविधीत २३ ऐवजी २२ उघडले गेले तर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’च्या जागी ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ सुरू होते. क्रमांकासोबत पहिली ओळ लिहून द्या.

दानीएल ३ मध्ये कॅथलिक आवृत्तीत तेविसाव्या वचनानंतर लांब प्रार्थना आणि गीत येते, म्हणून प्रोटेस्टंट ३:२४ तिथे ३:९१ होते. १३ आणि १४ हे अध्याय फक्त कॅथलिक बायबलात. मलाखी काही कॅथलिक आवृत्त्यांत तीन अध्यायांचा, योएल चार अध्यायांचा. मजकूर तोच असतो. दहा आज्ञांचे क्रमांकही वेगळे. कॅथलिक आणि ल्यूथरन मूर्तीविषयीची आज्ञा पहिलीत धरतात आणि लोभाची आज्ञा दोनांत विभागतात; अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतले) मूर्तीची दुसरी वेगळी मोजतात. ‘सहावी आज्ञा’ म्हटले की एका घरात व्यभिचार, दुसऱ्यात खून. ‘कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली’ असे कोणी म्हणाले तर कॅथलिक बायबलातले निर्गम २०:४ उघडून दाखवा, ती तिथेच आहे.

घरी एकत्र वाचन करायचे असेल तर दोन्ही बायबले ठेवा आणि सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करा, रोमकरांच्या पत्राने नको. वाद उठला की आधी एवढे ठरवा: हा ग्रंथसूचीचा प्रश्न आहे, अर्थाचा आहे की अधिकाराचा? अर्थाचा असेल तर पूर्ण अध्याय दोन्ही भाषांतरांतून मोठ्याने वाचा. बरेच वाद इथेच मिटतात. अधिकाराचा असेल तर ऐकीव गोष्टींवर बोलू नका. कॅथलिक बाजूसाठी धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद ८० ते ८६ आणि १२०, प्रोटेस्टंट बाजूसाठी ३९ कलमांतली ६, २० आणि २१ आणि वेस्टमिन्स्टरचा पहिला अध्याय, एवढे एका संध्याकाळी वाचून होते. पुढे शंका उरल्या तर पुण्यासारखी सोय दुसरीकडे क्वचित मिळेल: रामवाडीत पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप, बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी. कॅथलिक शिकवण रामवाडीत विचारा, प्रोटेस्टंट बिबवेवाडीत. उलटे करू नका. प्रत्येकाला आपले म्हणणे आपल्या तोंडून मांडू द्या.

एक गोष्ट आताच बोलून ठेवा, कारण ती लग्नात येत नाही, घरात पहिला मृत्यू झाल्यावर येते. कॅथलिक घर मृतासाठी मिस्सा सांगेल, महिन्याला आणि वर्षाला. त्यामागे २ मक्काबी १२:४३-४६ आहे, आणि त्याहून जास्त चर्चची फार जुनी प्रार्थनेची रीत आहे. बहुतेक प्रोटेस्टंट घरे मृताबद्दल देवाचे आभार मानतात, शोक करणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, मृतासाठी करत नाहीत. ग्रंथसूची, परंपरा आणि अधिकार हे तिन्ही प्रश्न या एका प्रसंगात एकत्र येतात, आणि तेव्हा कोणीही शांतपणे चर्चा करण्याच्या स्थितीत नसते. सासूबाईंच्या महिन्याच्या मिस्सेला जावई हजर राहील का, राहिला तर प्रार्थनेत सामील होईल की शांत बसेल. सासऱ्यांच्या स्मरणाच्या उपासनेनंतर सून आपल्या धर्मग्रामात त्यांच्या नावाने मिस्सा सांगेल का, आणि तसे घरात आधी सांगेल का, हे दोघांनी आत्ताच ठरवून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावे.